वादळाचं शेपूट: बेसमेंटमध्ये जायचं की बेसमेंटमधून निघायचं?

१ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी, आयडा चक्रीवादळाचं शेपूट आमच्यावरून जात असताना, माझा फोन दोनदा किंचाळला. पहिल्यांदा म्हणाला, टॉर्नेडो वॉर्निंग, ताबडतोब बेसमेंटमध्ये किंवा सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत जा. काही वेळाने म्हणाला, फ्लॅश फ्लड, उंच जागी जा. दोन्ही सूचना खऱ्या होत्या आणि दोन्ही आमच्याच घरासाठी होत्या. मी पहिली ऐकली तेव्हा दुसरी यायची होती. म्हणून सासूबाई आणि मुलगी दोघींना घेऊन मी बेसमेंटचा जिना उतरले. शेवटच्या पायरीवरून कार्पेटवर पाय ठेवला आणि पचक असा आवाज आला.

सासूबाई सांगलीच्या. २०१९ चा महापूर त्यांनी घराच्या माळ्यावरून पाहिलेला. त्या जिन्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, पाणी येतंय आणि तू खाली कुठं निघालीस?"

आम्ही न्यू जर्सीत मर्सर काउंटीत राहतो, मिलस्टोन नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यापासून दोन गल्ल्या अलीकडे. त्या रात्री आणि पुढच्या दोन महिन्यांत जे कळलं ते इथे लिहिते आहे. बरंचसं चुकून कळलं आहे, तेही सांगते.

आधी एक गैरसमज. आयडा २९ ऑगस्टला लुइझियानात धडकलं तेव्हा ते कॅटेगरी ४ चं होतं (सगळ्यात वरची ५), वारे ताशी १५० मैल. आमच्याकडे पोचेपर्यंत तीन दिवस झाले होते आणि बातम्यांत शब्द आला, 'रेमनंट्स'. अवशेष म्हटल्यावर माणूस काय समजणार? संपलं, उरलंसुरलं येईल. मी त्या दिवशी दुपारी गणपतीच्या सामानाची यादी करत होते. संध्याकाळी मलिका हिलला ईएफ-३ (टॉर्नेडोच्या ० ते ५ मापावर ३) टॉर्नेडो आला, त्याचेही वारे ताशी १५० मैल. फिलाडेल्फियाच्या उत्तरेला फोर्ट वॉशिंग्टन भागात आणखी एक, त्यात एक बळी गेला. न्यूअर्कला एका दिवसात ८.४१ इंच पाऊस पडला, म्हणजे जवळपास २१४ मिलिमीटर. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एका तासात ३.१५ इंच. जर्सीत ३० जण गेले, बरेचसे गाड्यांमध्ये. न्यूयॉर्क शहरात १३ गेले, त्यातले ११ बेसमेंटमध्ये.

जमिनीवर आल्यावर वादळाचा डोळा मोडतो, जमिनीलगतचा वारा पडतो. पण पाण्याची वाफ तशीच असते आणि वरच्या थरांतला जोरदार वाराही तसाच असतो. खाली एका दिशेने, वर दुसऱ्या दिशेने आणि जास्त वेगाने वारा वाहतो, त्या ताणात ढग स्वतःभोवती फिरायला लागतात. हे बहुधा वादळाच्या केंद्राच्या पूर्वेकडच्या अंगाला होतं, म्हणून टीव्हीवर केंद्र आपल्या पश्चिमेला दिसलं की "आपल्याकडून लांब आहे" म्हणायचं नाही. असे टॉर्नेडो बहुतेक थोडा वेळच टिकतात, पण पावसाच्या पडद्याआड येतात. सोंड दिसली की पळू, असं मनात असेल तर ते सोडून द्या. दिसणार नाही.

तर मूळ प्रश्न, खाली की वर. माझं उत्तर आता ठरलेलं आहे: जिथे पाणी येत नाही अशी सगळ्यात खालची जागा. ती पाऊस यायच्या आधी कोरड्या डोक्याने ठरवून ठेवायची. आमच्याकडे ती जागा म्हणजे तळमजल्यावर (इथे त्याला फर्स्ट फ्लोर म्हणतात) जिन्याखालची पावडर रूम, म्हणजे कमोड-बेसिनपुरती छोटी खोली. खिडकी नाही, बाहेरची भिंत नाही, चारी बाजूंनी घरच. तुमच्याकडे क्लॉझेट असेल, आतला पॅसेज असेल. बेसमेंटमध्ये एकदाही पाणी आलं नसेल आणि फक्त टॉर्नेडो वॉर्निंग असेल तर बेसमेंट उत्तमच. पण फ्लॅश फ्लडची सूचना आलेली असेल, किंवा भाड्याने बेसमेंटमध्येच राहात असाल आणि बाहेर पडायचा रस्ता एकच असेल, तर पाऊस सुरू होण्याआधीच वरच्या शेजाऱ्यांशी बोलून ठेवा. "रात्री गरज पडली तर तुमच्या पॅसेजमध्ये बसू का?" इतकंच विचारायचं. रात्री दहा वाजता दार वाजवण्यापेक्षा दुपारी विचारणं सोपं जातं. पाणी बाहेर जमलं की दार आतून उघडत नाही, त्याचा दाब फार असतो, हेही लक्षात ठेवा.

आम्ही तिघी पावडर रूममध्ये चाळीस मिनिटं बसलो. सासूबाई कमोडचं झाकण लावून त्यावर, मी आणि मुलगी खाली. डोक्यावर सायकलची हेल्मेटं, अंगावर दुलई. सासूबाईंनी हेल्मेट आधी नाकारलं, मग नातीने घातलं म्हणून घातलं. टॉर्नेडोत माणसं जास्त करून उडून येणाऱ्या आणि अंगावर पडणाऱ्या वस्तूंनी जखमी होतात, म्हणून डोकं आणि मान झाकायची. पायात बूट हवेत, कारण नंतर जमिनीवर काच असू शकते. आणि खिडक्या उघडायच्या नाहीत. दाब सारखा होतो वगैरे जे ऐकलं असेल ते खोटं आहे.

वॉच आणि वॉर्निंग हे दोन शब्द घरातल्या वयस्कर माणसांना आधी समजावून ठेवा. वॉच म्हणजे परिस्थिती तयार आहे, सावध राहा. वॉर्निंग म्हणजे आलंय, आत्ता उठा. फोनवरच्या सरकारी अलर्टचा आवाज भयंकर आहे, म्हणून माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी तो बंद करून ठेवलाय. चालू करा.

दोन दिवस आधी

वादळाच्या नकाशावरचा तो पांढरा कोन आमच्यासारख्या आतल्या भागातल्या लोकांच्या उपयोगाचा नाही. तो केंद्र कुठून जाईल एवढंच सांगतो, पाऊस किती पडेल ते नाही. राष्ट्रीय हवामान सेवेचा अतिवृष्टीचा वेगळा नकाशा असतो, त्यात मार्जिनल, स्लाइट, मॉडरेट, हाय अशा चार पायऱ्या आहेत. आयडाच्या दिवशी आमच्या भागावर 'हाय' होता. मला तेव्हा हा नकाशाच माहीत नव्हता. आणि आधीच्या दहा दिवसांत पाऊस झालाय का तेही बघा. आयडाच्या आधी हेन्री येऊन गेलं होतं, जमीन भिजून गच्च झाली होती, नवीन पाणी तिने प्यायचं कुठे?

घरातलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र संप पंप, म्हणजे बेसमेंटच्या खड्ड्यात जमणारं पाणी बाहेर फेकणारा पंप. त्याच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता, तरंगणारा बोंडा वर आला की पंप सुरू व्हायला हवा, पाणी उपसून थांबायला हवा. मग बाहेर जाऊन बघा की ते पाणी पडतंय कुठे. आमचं पाणी भिंतीपासून चार फुटांवर पडून परत जमिनीतून खड्ड्यातच येत होतं. वर्षानुवर्षं पंप तेच पाणी फिरवत बसला होता! आता पाइप लांबवून उताराला सोडलाय. त्या रात्री मात्र खरा घात विजेने केला. साडेनऊला वीज गेली आणि पंप गप्प झाला. पाऊस सगळ्यात जोरात असतो तेव्हाच वीज जाते, त्यामुळे बॅटरीवर चालणारा दुसरा पंप नसेल तर पहिला असून नसल्यासारखा. जनरेटर असेल तर तो घराबाहेर, दारंखिडक्यांपासून किमान २० फूट. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवला तरी चालत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बाकीचं भराभर: गटर आणि घरासमोरच्या रस्त्यावरच्या जाळीतला पालापाचोळा काढा. विंडो वेलवर, म्हणजे बेसमेंटच्या खिडक्यांबाहेरच्या खड्ड्यांवर, झाकणं टाका. गाडी उंचावर लावा. फोन, पॉवर बँक चार्ज करा. फोनने घराचा एक व्हिडिओ करा, प्रत्येक खोली, कपाटं उघडून, बेसमेंटमधली फर्नेस आणि वॉटर हीटर त्यांच्या लेबलसकट. पाच मिनिटांचं काम आहे आणि नंतर ते पैशांत मोजता येतं.

आणि कागद. पासपोर्ट, ओसीआय, ग्रीन कार्ड, आय-७९७ (व्हिसाच्या मंजुरीची नोटीस), लग्नाचं सर्टिफिकेट, डिग्र्या, भारतातल्या घराचे कागद. आपल्या घरांत हे सगळं एका व्हीआयपीच्या जुन्या बॅगेत असतं आणि ती बॅग बेसमेंटमध्ये असते. ती वर आणा. आत्ता, वाचता वाचता उठलात तरी चालेल.

रात्र

नवरा ऑफिसमधून निघाला होता. रूट १ वरून फोन केला, "पुढे पाणी आहे, पण एक एसयूव्ही गेली आत्ता." मी म्हटलं, मागे फिर. तो फिरला, ऑफिसच्या पार्किंग डेकच्या तिसऱ्या मजल्यावर गाडी लावून रात्रभर गाडीत झोपला. सकाळी चिडलेला होता, मानही आखडली होती, पण होता.

वाहतं पाणी ६ इंच असलं तर मोठ्या माणसाचे पाय उचलतं, १२ इंच छोटी गाडी हलवतं, दोन फूट बहुतेक सगळ्या गाड्या नेतं, एसयूव्हीसुद्धा. शिवाय अंधारात खालचा रस्ता शाबूत आहे की खचलाय हे दिसत नाही. पुढची गाडी गेली हा काही पुरावा नाही. आणि अडकलातच, पाणी दारापर्यंत चढायला लागलं, तर फोन करत बसू नका. पट्टा काढा, खिडकी चालतेय तोवर खाली करा, बाहेर पडा.

माझी त्या रात्रीची सगळ्यात मोठी चूक अजून सांगितली नाही. टॉर्नेडो वॉर्निंग संपल्यावर मी टॉर्च घेऊन परत बेसमेंटमध्ये उतरले, अनवाणी, घोटाभर पाण्यात. कशासाठी? गणपती नऊ दिवसांवर होते आणि मखराचा खोका खाली होता. थर्माकोलचे खांब पाण्यावर तरंगत वॉशिंग मशीनकडे निघाले होते, मी त्यांच्या मागे. तेव्हा वीज अजून गेली नव्हती. बेसमेंटमधले सॉकेट जमिनीपासून जेमतेम फूटभर वर असतात आणि पाण्यात पडलेली एक्स्टेंशन कॉर्ड जिवंत होती. ब्रेकर पॅनेलही त्याच खोलीत, म्हणजे बंद करायला जायचं तर पाण्यातूनच. वरून सासूबाईंचा आवाज आला, "देव मखरावाचून बसेल, वर ये." माझं नशीब चांगलं म्हणून लिहायला उरले. पाणी सॉकेटला किंवा पॅनेलला पोचण्याची शक्यता असेल तर पाय घालायचा नाही. वीज कंपनीला मीटरपासून लाइन तोडायला सांगायचं, नाहीतर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत थांबायचं.

गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणही दाबू नका. बाहेर पडा, लांब जाऊन फोन करा. आमच्यापासून फार लांब नसलेल्या मॅनव्हिलमध्ये रॅरिटन आणि मिलस्टोन नद्या मिळतात. तिथे पुरात वेढलेल्या इमारतींत गॅसचे स्फोट होऊन आगी लागल्या आणि पाण्यामुळे बंबांना पोचता येईना.

दुसऱ्या दिवशीचं निळं आकाश

२ सप्टेंबरला लख्ख ऊन पडलं होतं आणि रॅरिटन चढत होती. हे आमच्याकडच्या अनेकांना समजलं नाही. ओढे-नाल्यांचा पूर तासाभरात येतो आणि ओसरतो, मोठ्या नदीचा पूर पाऊस थांबल्यावर येतो, कारण वरचं सगळं पाणी खाली पोचायला वेळ लागतो. सासूबाईंना मात्र हे पाठ. सकाळी चहा घेताना त्यांचा पहिला प्रश्न, "इथल्या नदीचं पाणी किती फुटांवर आहे?" सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे शाळेतलं पोरही सांगतं. मी अठरा वर्षं इथे राहून मला आमच्या नदीची धोक्याची पातळी माहीत नव्हती. आहे ती, प्रत्येक मोठ्या नदीची आहे. हवामान सेवेच्या संकेतस्थळावर तुमच्या जवळचं मापनकेंद्र शोधा. आत्ताची पातळी, पुढच्या दिवसांचा अंदाज आणि मायनर, मॉडरेट, मेजर अशा रेषा दिसतात. त्याची खूण फोनवर ठेवा. पण ओढ्याजवळ राहणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये. ओढा फूट मोजायला वेळ देत नाही.

बेसमेंटमध्ये कमरेएवढं पाणी असेल तर एकदम उपसू नका. बाहेरची माती पाण्याने फुगलेली असते, आतलं पाणी भिंतीला आधार देत असतं. आतलं काढलं की भिंत आत येते. बाहेरचं पाणी ओसरलं की थोडं उपसायचं, खूण करून रात्रभर थांबायचं, पातळी परत चढली नाही तर पुढचं. आमच्याकडे दीड फूट होतं, ते एका दिवसात निघालं.

मग घड्याळ सुरू होतं. बुरशी २४ ते ४८ तासांत धरते. हे पाणी स्वच्छ नसतं, त्यात गटाराचं मिसळलेलं असतं, म्हणून रबरी बूट, हातमोजे आणि मास्क. कोविडमुळे एन-९५ चा खोका घरात होताच. कार्पेट, त्याखालचं पॅडिंग, गाद्या, पुठ्ठ्याचे खोके, भुशाच्या फळ्यांचं फर्निचर, सगळं बाहेर. शीटरॉक (भिंतींचे जिप्समचे बोर्ड) पाणी वर शोषून घेतं, त्यामुळे ओल जिथवर दिसते त्याच्या वर आणखी फूटभर तरी कापावं लागतं, आतलं इन्सुलेशनही काढावं लागतं. नुसता रंग मारून झाकलं तर दिवाळीपर्यंत भिंत काळी पडते, आमच्या शेजाऱ्यांची पडली. पंखे, डीह्युमिडिफायर रात्रंदिवस. ब्लीच वापरा, पण अमोनिया असलेल्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो.

सगळ्यात मोठी लढाई तांदळावरून झाली. इंडियन स्टोअरमधून आणलेली वीस पौंडांची दोन पोती आणि तुरीच्या डाळीचं एक, तिन्ही बेसमेंटमध्ये. एक पोतं वरून कोरडं होतं. सासूबाई म्हणाल्या, उन्हात पसरते, पाखडते. मी नाही म्हटलं. पुराचं पाणी लागलेलं अन्न टाकायचं, फिरकीच्या झाकणाच्या बरण्यांतलंसुद्धा, कारण झाकणाच्या आट्यांतून पाणी जातं. लोणच्याच्या दोन बरण्या गेल्या. त्यांनी दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं. स्टीलचे डबे मात्र धुऊन, उकळत्या पाण्यात घालून वाचले. वीज गेल्यावर न उघडलेला फ्रिज ४ तास टिकतो, भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४.

टाकण्याआधी फोटो. प्रत्येक वस्तूचा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा मोजपट्टी धरून, मॉडेल नंबरचा. कार्पेटचा हातभर तुकडा कापून पिशवीत ठेवा.

पैशांचं

घराच्या साध्या विम्यात पूर बसत नाही. मला माहीत नव्हतं असं नाही, पण "आपण फ्लड झोनमध्ये नाही" हे वाक्य घर घेताना ऐकलं आणि विषय संपला होता. पुराची पॉलिसी वेगळी, सरकारी योजनेत इमारतीला जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर, सामानाला १,००,०००. साधारणपणे ती घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होते, म्हणजे वादळाचं नाव टीव्हीवर आल्यावर घेऊन उपयोग नाही. आणि बेसमेंटमध्ये ती फर्नेस, वॉटर हीटर, वॉशर-ड्रायर अशा मोजक्या गोष्टींना चालते. तुमचं फिनिश्ड बेसमेंट, कार्पेट, होम थिएटर तिच्यात नाही. ड्रेनमधून उलटं येणारं पाणी तिसराच प्रकार, त्यासाठी घराच्या पॉलिसीला सुअर बॅकअपची जोड घ्यावी लागते. आमच्याकडे नव्हती. क्लेम बघायला आलेला माणूस तीन मिनिटं थांबला, "ग्राउंड वॉटर" म्हणाला, म्हणजे जमिनीतून आलेलं पाणी, विम्यात नाही, आणि गेला. गाडीचं नुकसान गाडीच्या विम्याच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह भागात येतं, पण पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघू नका, इंजिन कायमचं जातं.

तुमची काउंटी आपद्ग्रस्त म्हणून जाहीर झाली तर फेमाकडे (केंद्र सरकारची आपत्ती-मदत संस्था) अर्ज करता येतो, साधारण ६० दिवसांच्या आत. विम्याचं नकारपत्र जोडावं लागतं. पहिलं उत्तर "अपात्र" आलं तरी पत्र शेवटपर्यंत वाचा, बरेचदा एखादा कागद कमी असतो. आमचंही तसंच झालं आणि अपील केल्यावर मदत मिळाली. एच-१बी व्हिसावर असलेल्यांना स्वतःच्या नावाने ही रोख मदत मिळत नाही. पण घरात इथे जन्मलेलं, अमेरिकन नागरिक असलेलं मूल असेल तर त्याच्या वतीने आई-वडील अर्ज करू शकतात. ही गोष्ट आमच्या गल्लीतल्या दोन कुटुंबांना माहीत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी दारोदार कॉन्ट्रॅक्टर फिरायला लागतात. जर्सीत घरदुरुस्ती करणाऱ्याची राज्याकडे नोंदणी लागते, नंबर मागा, तपासा, सगळे पैसे आधी देऊ नका. घर घेणार किंवा भाड्याने राहणार असाल तर मार्च २०२४ पासून इथे विकणाऱ्याला आणि घरमालकाला पुराचा धोका आणि आधीचं नुकसान लेखी सांगावं लागतं. तो कागद वाचल्याशिवाय सही नको.

हे एकदाच घडलं असंही नाही. जुलै २०२४ मध्ये टेक्ससला धडकलेल्या बेरिलच्या शेपटाने दोनच दिवसांनी पश्चिम न्यूयॉर्कमध्ये टॉर्नेडो आणि व्हर्मॉन्टमध्ये पूर आणला. त्याच वर्षी सप्टेंबरात हेलीन वादळाने समुद्रापासून शेकडो मैल आत, डोंगरातलं ॲशव्हिल बुडवलं.

आमच्या पावडर रूममध्ये आता दाराच्या मागे तीन हेल्मेटं आणि एक शिट्टी टांगलेली असते, पाहुणे विचारतात. मखर वरच्या क्लॉझेटमध्ये. दर १ जूनला संप पंपात बादली ओतते. २०२१ साली घेतलेली बॅकअप बॅटरी गेल्या वर्षी बादलीच्या वेळी ढिम्म हलली नाही. तिच्यावर तारीख लिहिलेली नव्हती, त्यामुळे ती इतकी जुनी झाल्याचं ध्यानातच आलं नाही. नवीवर मार्करने महिना आणि साल लिहून ठेवलंय.